फ्रान्सच्या खेड्यातला पहिला हिवाळा : सरपण, धुराडं आणि मैलाटाकी

नोकरी तुलूझ किंवा ग्रनोबलला आणि घर तिथून चाळीस किलोमीटरवरच्या खेड्यात, अशी सोय लावली की भाडं कमी पडतं, अंगण मिळतं आणि मुलांना मोकळं रान मिळतं. पण त्या घराला बहुधा पाइपचा गॅस नसतो आणि पुष्कळदा गटाराची जोडणीही नसते. ऊब आणि सांडपाणी या दोन्ही गोष्टी घरातल्या माणसालाच सांभाळाव्या लागतात. थंडी पडल्यावर धावपळ केली तर लाकूड ओलं मिळतं आणि धुराडं साफ करणाऱ्याची वेळ मिळत नाही, म्हणून तयारी ऑगस्टमध्ये सुरू करा.

लाकूड विकत घेताना

अशी घरं बहुधा लाकडाच्या शेगडीवर तापवतात. सगळ्यात आधी टेप घेऊन त्या शेगडीच्या आतली लांबी मोजा आणि त्यातून पाच सेंटिमीटर वजा करा. लाकूड साधारण २५, ३३ किंवा ५० सेंटिमीटरला कापून मिळतं. शेगडीत न मावणारे पाच टन ओंडके दारात पडले की पुन्हा कापण्याची मजुरी तुमच्याच माथी येते.

लाकडाचं माप ‘स्तेर’. एक मीटर लांबीचे ओंडके एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच रचले की एक स्तेर होतो. इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण तेच लाकूड लहान तुकड्यांत कापलं की दाट रचलं जातं आणि कमी जागा घेतं. एक स्तेर ५० सेंटिमीटरला कापला तर रचल्यावर साधारण ०.८ घनमीटर भरतो, ३३ ला कापला तर ०.७. म्हणजे ३३ सेंटिमीटरचे पाच स्तेर मागवले आणि रास साडेतीन घनमीटर भरली, तर व्यवहार चोख आहे. ‘आं व्राक’, म्हणजे न रचता ओतलेलं लाकूड मात्र फुगून दिसतं. त्या ढिगाऱ्याच्या आकारावर भाव ठरवू नका. किती स्तेर, कोणत्या लांबीचे आणि कोणतं झाड, हे तिन्ही बिलावर लिहून घ्या.

झाड विचारा तर ‘शेन’ म्हणजे ओक, ‘एत्र’ म्हणजे बीच, ‘शार्म’ म्हणजे हॉर्नबीम आणि ‘फ्रेन’ म्हणजे अ‍ॅश. ही चारही झाडं कडक, सावकाश जळणारी. ‘शातेन्ये’, म्हणजे चेस्टनट, ठिणग्या उडवतं, ते फक्त काचेचं दार असलेल्या बंद शेगडीत चालतं. पाइन आणि पॉप्लर भराभर जळून जातात, त्यांच्या ढलप्या आग पेटवायला कामाच्या. सुकलेल्या कडक लाकडाच्या एका स्तेरातून १५०० ते २००० किलोवॅट-तास उष्णता मिळते. विजेचे हीटर असताना फक्त संध्याकाळी शेगडी पेटवायची तर तीन ते पाच स्तेर पुरतात. दगडी भिंतींचं जुनं घर निव्वळ लाकडावर तापवायचं तर आठ-दहा धरून चाला.

विक्रेता ‘सेक’ म्हणाला म्हणजे लाकूड सुकं असेलच असं नाही. ओक फोडून ठेवल्यावर दीड ते दोन वर्षं वाळावा लागतो. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. दोन सुयांचं ओलावा मोजायचं छोटं यंत्र बागकामाच्या दुकानात मिळतं, ते जरूर घ्या. पण सुया सालीवर किंवा टोकाच्या कापावर टोचू नका, कारण बाहेरचा भाग आधी सुकतो आणि आकडा फसवतो. ओंडका उभा फोडा आणि आतल्या ताज्या फळीवर मधोमध मोजा. यंत्र नसेल तर दोन लाकडं एकमेकांवर आपटा. सुकी ‘टण्’ वाजतात, ओली ‘बद्’. सुक्या लाकडाच्या टोकाला मधून बाहेर पसरलेल्या चिरा दिसतात आणि साल नखाने सुटते.

ओकचा एक स्तेर अर्धा टन किंवा त्याहून जड असतो. लाकडाचा ट्रक आवारात आला की तो अंगणात पुरलेल्या मैलाटाकीवर किंवा तिच्या पुढच्या, पाणी जमिनीत मुरवणाऱ्या पाइपांच्या चरांवर उभा राहू देऊ नका. ती जागा आधीच चार खुंट्या ठोकून दाखवून ठेवा. दबलेले पाइप बदलायचे तर अख्खं अंगण उकरावं लागतं.

रचताना खाली लाकडी पॅलेट ठेवा, भिंतीपासून वीतभर अंतर सोडा आणि पत्रा किंवा ताडपत्री फक्त वरून घाला. बाजू उघड्या राहिल्या पाहिजेत. आपल्याकडे पावसाळ्यात सरपण चहूबाजूंनी झाकायची सवय असते, पण इथल्या दमट थंडीत तसं गुंडाळलेलं लाकूड आतून बुरसटतं. जाळायच्या दोन दिवस आधी लाकडं घरात आणून ठेवा.

धुराडं

वर्षातून किमान एकदा धुराडं साफ करून घेणं बंधनकारक आहे. २०२३ च्या हुकुमानंतर हा नियम देशभर एकच झाला, पण काही जिल्ह्यांचे आणि विमा कंपन्यांचे नियम दोनदा मागतात. तेव्हा मेरीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कचेरीत, विचारा आणि विम्याची कागदपत्रंही वाचा. साफ करणाऱ्याला ‘रामोनर’ म्हणतात. त्याने ब्रश घालून साफ केल्यावर मिळणारं प्रमाणपत्र जपून ठेवा. आग लागली तर विमा कंपनी आधी तेच मागते. दुकानात मिळणारा रसायनाचा ओंडका जाळल्याने काजळी सैल होते, पण कायद्याच्या दृष्टीने ती साफसफाई नव्हे. भाड्याच्या घरात हा नेमाचा खर्च भाडेकरूचा असतो, मालकाच्या भरवशावर राहू नका.

ही सक्ती उगाच नाही. ओल्या लाकडाचा धूर थंड असतो. वर जाताना तो धुराड्याच्या आतल्या अंगाला डांबरासारखा चिकटतो आणि एके दिवशी तोच थर पेट घेतो. धुराड्यातून विमानासारखी घरघर ऐकू आली, तर शेगडीचं दार आणि हवेची खिट्टी बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १८ ला, म्हणजे अग्निशमन दलाला, फोन करा. पाणी ओतू नका, तापलेलं धुराडं तडकतं.

आता पेटवण्याबद्दल. चुलीवर वाढलेला हात आपोआप खालून पेटवायला जातो. इथे उलटं करायचं. तळाला दोन-तीन जाड लाकडं थोडी फट ठेवून, त्यांवर दोन बारकी आडवी, त्यांवर बोटभर जाडीच्या आठ-दहा ढलप्या आणि अगदी वर मेणाचा एक आगपेटव्या. हवा पूर्ण उघडी ठेवून वरून काडी लावा. आग वरून खाली सरकते आणि खालच्या लाकडांचा धूर ज्वाळेतून जाताना तिथेच जळतो. म्हणून काच स्वच्छ राहते आणि शेजाऱ्यांच्या अंगणात धूर जात नाही. पंधरा-वीस मिनिटांनी जाड लाकडांनी पेट घेतला की हवा हळूहळू कमी करा. सात किलोवॅटच्या शेगडीला तासाला दोन किलोच्या आसपास लाकूड पुरतं. रात्रभर धगधगत राहावी म्हणून शेगडी भरून हवा बंद करणं ही सगळ्यात वाईट सवय. सकाळी काच काळी दिसते, आणि जे काचेवर दिसतं तेच धुराड्यात साचलेलं असतं.

मराठी स्वयंपाकघराला लागू असलेल्या दोन गोष्टी इथेच सांगायला हव्यात. फोडणीच्या वेळी जोरदार चिमणी चालू केली, की ती घरातली हवा ओढते आणि बंद घरात शेगडीचा धूर उलटा खोलीत येतो. चिमणी लावली की खिडकी चार बोटं उघडा. दुसरी गोष्ट, धुराची घंटा मार्च २०१५ पासून प्रत्येक घरात सक्तीची आहे. ती स्वयंपाकघरात लावली तर मिरचीच्या प्रत्येक ठसक्याला वाजेल आणि मग कोणीतरी बॅटरी काढून ठेवेल. ती झोपायच्या खोल्यांच्या वाटेवर छताला लावा. कार्बन मोनॉक्साइडची घंटा वेगळी घ्यावी लागते. तिची सक्ती नाही, तरी शेगडीच्या घरात ती हवीच. त्या वायूला वास नसतो. घरातल्या सगळ्यांचं एकदमच डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं तर खिडक्या उघडून बाहेर पडा आणि मग ११२ ला फोन करा. भिंतीतली हवेची जाळी थंडी येते म्हणून कधीही बुजवू नका.

राख दोन-तीन दिवस आतून धगधगत राहू शकते. झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून ती बाहेर दगडावर ठेवा, कचऱ्याच्या प्लास्टिक डब्यात लगेच टाकू नका.

मैलाटाकी

‘फॉस तूत-ओ’ ही बऱ्याच घरांच्या अंगणात पुरलेली टाकी. पाच मुख्य खोल्यांपर्यंतच्या घराला तीन घनमीटर, पुढे प्रत्येक खोलीला आणखी एक, असा हिशेब. टाकीत गाळ खाली बसतो, चरबी वर तरंगते आणि मधलं पाणी एका गाळणीतून अंगणातल्या छिद्रांच्या पाइपांत जाऊन जमिनीत मुरतं. आपल्या शोषखड्ड्याचाच हा पसरट भाऊ. ती टाकी कुठे आहे, झाकणं किती आहेत आणि चर कुठवर गेलेत, याचा नकाशा घर घेतानाच मागा. चरांपासून तीन मीटरच्या आत झाड लावू नका, मुळं पाइपात शिरतात.

ही व्यवस्था चालते जिवाणूंवर आणि मोडते बहुधा स्वयंपाकघरामुळे. तेल-तूप सगळ्यात घातक, कारण ते पाइपात थिजतं. कढई धुण्याआधी कागदाने पुसा. तळणीचं उरलेलं तेल बाटलीत भरून ‘देशेत्री’त, म्हणजे गावाच्या सामायिक कचरा-केंद्रात, द्या. सिंकच्या भोकावर बारीक जाळी ठेवा. भाताची पेज आणि इडलीचं उरलेलं पीठ खताच्या खड्ड्यात जाऊ द्या. ओले पुसणीचे कागद पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी संडासात टाकू नका. ब्लीचचा अधूनमधून थोडा वापर चालतो, रोज बाटली रिकामी केली तर जिवाणू मरतात.

गाळणी वर्षातून दोनदा धुवा. हातमोजे घाला, झाकण उघडल्यावर तोंड टाकीवर धरू नका, वायू असतात. जाळीची टोपली वर काढून पाण्याच्या फवाऱ्याने धुवा आणि ते पाणी टाकीच्या आत जाणाऱ्या बाजूलाच सोडा. संडासात गुडगुड आवाज येऊ लागला आणि पाणी सावकाश उतरू लागलं, तर आधी ही गाळणी बघा. कितीतरी वेळा दोष तिथेच निघतो. अंगणात एक पट्टा ओला आणि इतर गवतापेक्षा गडद हिरवा दिसला, तर मात्र चर तुंबलेत, जाणकाराला बोलवा.

गाळ टाकीच्या अर्ध्यापर्यंत आला की उपसा करायचा. कितीही वर्षं झाली असोत, निर्णय गाळाची उंची मोजून घ्या. उपसा परवानाधारकाकडूनच करून घ्या आणि त्याने दिलेली पावती ठेवा. ‘स्पांक’ या सरकारी सेवेचा तपासनीस काही वर्षांनी, जास्तीत जास्त दहा वर्षांच्या अंतराने, येतो आणि ती मागतो. उपसा झाल्यावर टाकी त्याच दिवशी पाण्याने भरा. रिकामी प्लास्टिकची टाकी मातीच्या दाबाने चेपते आणि पावसाने जमिनीतलं पाणी चढलं असेल तर चक्क वर उचलली जाते. भाड्याच्या घरात उपसा भाडेकरूचा, टाकी बदलायची वेळ आली तर खर्च मालकाचा.

वीज, पाणी आणि बाकीचं

विजेच्या करारात कमाल भार ठरलेला असतो, बरेचदा सहा किलोव्होल्ट-अँपिअर. ओव्हन, किटली आणि पाणी तापवायची टाकी एकदम चालू झाली की मीटर वीज तोडतो. दोन उपकरणं बंद करा आणि हिरव्या ‘लिंकी’ मीटरवरची ‘+’ खुणेची कळ दाबून धरा. भार वाढवून घेण्याआधी पाण्याची टाकी सवलतीच्या तासांवर लावलेली आहे ना, ते बघा. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं.

पाण्याचा मीटर रस्त्याकडेच्या खड्ड्यात असेल तर गोठण्यापूर्वी त्याच्याभोवती थर्माकोलच्या फळ्या लावा. पेंढा, कापड, कागद नको, ते ओल धरतात आणि मीटर लवकर गोठतो. बाहेरच्या नळाची लाइन आतून बंद करून नळ उघडा ठेवा.

गावात आल्याच्या पहिल्या आठवड्यात मेरीत जाऊन नाव सांगा. ती आठवड्यातून काही वेळच उघडी असते, दारावरची वेळ बघून ठेवा. कचऱ्याचे वार, कचरा-केंद्राचं कार्ड, रामोनरचा नंबर, सगळं तिथेच कळतं. महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला भोंगा वाजला तर घाबरू नका, ती चाचणी असते. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम असतो, रानवाटेवर भडक रंगाचं जाकीट घाला. गाडी चालवताना, पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, तो शेतातल्या गल्लीतून येत असला तरी. गावाच्या नावाची पाटी लागली की वेग ५० वर, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर.

तातडीला वैद्यकीय मदतीसाठी १५, आगीला १८, कुठूनही ११२. फोनवर आधी गावाचं नाव, मग वस्तीचं नाव, मग घर नंबर सांगा. एकसारख्या नावाच्या वस्त्या शेजारच्या गावांतही असतात. हे तीन शब्द फ्रेंचमध्ये लिहून फोनजवळ चिकटवा, म्हणजे घरी आलेल्या आजी-आजोबांनाही वाचून दाखवता येतील.

मार्च लागला की पुढच्या नाही, त्याच्याही पुढच्या हिवाळ्याचं लाकूड मागवा. ‘ब्वा व्हेर’, म्हणजे ओलं लाकूड, स्वस्त पडतं आणि ते वाळवायला तुमच्याकडे आता दोन उन्हाळे आहेत. राशीवर खडूने महिना आणि साल लिहून ठेवा.