कॉलेज हॉकी बघताय? पक सोडा, रेफ्रीचा हात बघा

अमेरिकेत शिकायला आलेल्यांपैकी कुणाचं कॉलेज मिशिगन, मिनेसोटा नाहीतर बॉस्टनकडे असेल तर पहिल्याच थंडीत कुणीतरी आईस हॉकीच्या मॅचला ओढून नेतंच, आणि मग २० मिनिटांचे तीन पिरियड तो काळा पक (बॉलऐवजी असणारी रबरी चकती) कुठे गेला हे शोधण्यात संपतात. माझेही तसेच गेले. नंतर कळलं की पक नाही दिसला तरी चालतं, पट्टेरी शर्टवाल्यांकडे बघा, मॅच आपोआप कळते.

ते चौघं असतात. दंडावर केशरी पट्टी असलेले दोघं रेफ्री, पेनल्टी (फाऊल करणाऱ्या प्लेअरला काही मिनिटं बाहेरच्या बॉक्समध्ये बसवतात, तोवर टीम एकाने कमी) आणि गोल त्यांच्याकडे. बिनपट्टीचे दोघं लाइन्समन, ते ऑफसाइड (पकच्या आधीच समोरच्यांच्या भागात घुसणं), आयसिंग (आपल्या अर्ध्यातून पक थेट पार पलीकडच्या टोकाला मारणं) बघतात आणि मारामारी झाली की मध्ये घुसतात (बिचारे).

आता मेन गोष्ट. रेफ्रीने एक हात वर केला आणि शिट्टी मात्र वाजवली नाही, तर समजायचं कुणीतरी फाऊल केलाय पण पक समोरच्या टीमकडे आहे म्हणून खेळ चालू ठेवलाय. आपल्या क्रिकेटमध्ये नो-बॉलला अंपायर हात आडवा करतो आणि बॅट्समन बिनधास्त फिरवतो ना, तसंच काहीसं. फाऊल करणाऱ्यांनी पक ताब्यात घेतला की लगेच शिट्टी, त्यामुळे दुसरी टीम गोलकीपरला सरळ बाहेर बोलावते आणि एक जास्तीचा प्लेअर आत पाठवते. पहिल्यांदा रिकामा गोल बघून मी केवढ्याने ओरडलो होतो, आजूबाजूचे बघायलाच लागले.

आणि इथेच एनएचएल (म्हणजे तिथली प्रोफेशनल लीग) बघणारे फसतात. तिथे हात वर असताना गोल झाला तर दोन मिनिटांची साधी पेनल्टी माफ होते. कॉलेजमध्ये नाही, गोल पण मिळतो आणि तो प्लेअर बॉक्समध्ये पण जातो. माझा एक मित्र, दहा वर्षं एनएचएल बघणारा, 'रेफ्री चुकला' म्हणून पूर्ण पिरियडभर चिडत होता, चुकला तो स्वतः. तसंच एनएचएलमध्ये गोलमागे ट्रॅपेझॉइड आखलेला असतो, गोललाइनच्या मागे गोलकीपरला फक्त त्याच्या आतच पक खेळता येतो; तो कॉलेजच्या बर्फावर नसतोच, गोलकीपर मागे कुठेही जाऊन पक खेळू शकतो.

मारामारीचं तर विचारूच नका. एनएचएलमध्ये पाच मिनिटं बसून परत येतात, इथे थेट मॅचबाहेर आणि वर पुढच्या मॅचची बंदी, त्याच सीझनमध्ये परत केलं तर बंदी वाढते. शिवाय सगळ्यांच्या तोंडावर पूर्ण जाळी असते, ठोसा मारून मारणार कुठे.

रेफ्री स्क्रीनकडे गेला की थर्ड अंपायर टाइप प्रकार सुरू, बऱ्याचदा मेजर पेनल्टी आहे की नाही ते बघत असतात. वेळ लागतो, तेवढ्यात पॉपकॉर्न आणा. मेजर म्हणजे पाच मिनिटं, त्यात समोरच्यांनी गोल केला तरी प्लेअर बॉक्समधून बाहेर येत नाही, साध्या पेनल्टीत येतो, म्हणून तो निर्णय बघण्यासारखा.

नियम शिकायला यूट्यूबवर बसणार असाल तर आधी व्हिडिओचं वर्ष बघा. एनसीएएची (कॉलेज खेळ चालवणारी संस्था) नियमावली दोन वर्षांनी बदलते, २०१८, २०२०, २०२२, २०२४ अशी. २०२० च्या आधीच्या मॅचमध्ये ओव्हरटाइम पाचावर पाच दिसेल, आता रेग्युलर सीझनला पाच मिनिटं तीनावर तीन, आणि तरी बरोबरी राहिली तर काही कॉन्फरन्स (कॉलेजांचे गट) शूटआऊट (एकेक प्लेअर विरुद्ध गोलकीपर) घेतात पण एनसीएएच्या हिशेबात ती टायच. (२०२५ पासून कॅनडाच्या ज्युनिअर लीगची मुलं कॉलेजात खेळायला लागली ती भानगड वेगळी, ती खेळाच्या नियमांतली नाही, पात्रतेची.)

एनसीएए टूर्नामेंटला मात्र शूटआऊट वगैरे काही नाही, पाचावर पाच, २०-२० मिनिटांचे पिरियड, गोल होईपर्यंत. तिथे जाताना जेवून जा.