दोन गुणिले दोनचे कॉन्ट्रास्ट: आधी कागद, मग एसपीएम

एसपीएम हे मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर. त्याच्या सरावाच्या डेटात चेहरे आहेत: अनोळखी किंवा प्रसिद्ध, पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा दाखवलेले. मॉडेलच्या तक्त्यात, म्हणजे डिझाइन मॅट्रिक्समध्ये, स्तंभांचा क्रम एन१, एन२, एफ१, एफ२ (एन अनोळखी, एफ प्रसिद्ध; आकडा कितव्यांदा दाखवला ते). नव्या विद्यार्थ्याला मी आधी चार घरांचा चौकोन काढायला लावते.

कॉन्ट्रास्ट म्हणजे स्तंभांना दिलेल्या वजनांची ओळ. प्रसिद्धीचा मुख्य परिणाम हवा? [-1 -1 1 1]. पुनरावृत्तीचा? [1 -1 1 -1]. दोन्ही ओळी घटक-घटक गुणा, [-1 1 1 -1] मिळेल, हाच इंटरॅक्शन, म्हणजे एका गोष्टीचा परिणाम दुसरीवर अवलंबून आहे का. पण तो वाचायचा कसा? (एफ१−एफ२) वजा (एन१−एन२), म्हणजे दुसऱ्यांदा पाहताना प्रतिसादात होणारी घट प्रसिद्ध चेहऱ्यांत जास्त आहे का. टी-कॉन्ट्रास्ट एकच दिशा पाहतो. उलटी दिशाही शक्य वाटत असेल तर दोन्ही दिशा पाहणारा एफ-कॉन्ट्रास्ट घ्या.

माझे दोन दिवस एकदा इथेच गेले: मॉडेलमध्ये टाइम डेरिव्हेटिव्ह (प्रतिसाद थोडा लवकर किंवा उशिरा आला तर ते धरणारा जादा स्तंभ) होता, म्हणजे प्रत्येक स्थितीचे दोन स्तंभ, आणि मी चारच आकडे भरले. बरोबर ओळ [-1 0 1 0 1 0 -1 0]. म्हणून डिझाइन मॅट्रिक्सवरची स्तंभांची नावं बोट ठेवून वाचा.

गटपातळीवर प्रत्येक व्यक्तीची इंटरॅक्शनची कॉन-प्रतिमा (त्या कॉन्ट्रास्टच्या मूल्यांचा मेंदूचा नकाशा) घेऊन वन-सॅम्पल टी-टेस्ट करा, म्हणजे गटाची सरासरी शून्यापेक्षा वेगळी आहे का ते कळेल. इंटरॅक्शन सापडला, तर चारही स्थितींचे अंदाज आलेखात पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.