बिल्डची सेटअप स्क्रिप्ट लिहिताय? या चुका टाळा

ओपन सोर्स प्रोजेक्टमधे नवीन माणूस आला की त्याची पहिली गाठ कोडशी नाही, सेटअप स्क्रिप्टशी (कोडमधून प्रोग्रॅम बनवायची, म्हणजे बिल्डची, तयारी करणाऱ्या कमांड्सची फाइल) पडते. ती मधेच आडवी झाली की बरेच जण तक्रारीचा इश्यूसुद्धा टाकत नाहीत, गुपचूप निघून जातात, आणि मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) वाटतं सगळं मस्त चाललंय.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पहिल्या ओळीत, जिथे स्क्रिप्ट कुठल्या शेलने (कमांड्स चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) चालवायची ते सांगतात, तिथे एसएच हा साधा शेल लिहायचं आणि खाली अ‍ॅरे, डबल चौकटी कंस असा सगळा बॅश या जास्त सोयींच्या शेलचा माल वापरायचा. उबुंटूवर 2006 पासून एसएच म्हणजे डॅश हा छोटा शेल, त्याला हा माल कळत नाही, त्यामुळे तिथे सिंटॅक्स एरर येते आणि नवखा बिचारा भलतंच पॅकेज शोधत बसतो. बॅश हवंय तर सरळ बॅश लिहा ना! पण तेवढ्यानेही सुटका नाही, कारण पुढची व्हर्जन्स जीपीएल 3 या लायसन्सखाली आली म्हणून अ‍ॅपल मॅकसोबत अजून बॅश 3.2 च देतं, त्यात असोसिएटिव्ह (नंबरऐवजी नावाने शोधायचे) अ‍ॅरे नाहीत. फाइलमधला मजकूर जागेवरच बदलणाऱ्या सेड -आयचंही तसंच, लिनक्सवर नुसतं चालतं, मॅकवर पुढे बॅकअपचं एक्स्टेंशन द्यावं लागतं, रिकामं का होईना.

दुसरी चूक, एरर आली तरी पुढे पळत राहणं. समजा लिंक मेली आणि 404 आला, तर डाउनलोड करणारं कर्ल ते एररचं एचटीएमएल पान निमूटपणे टार फाइलच्या नावाने सेव्ह करतं, मग ती फाइल उघडणारं टार म्हणतं ही जीझिप (दाबून लहान केलेली) फाइलच नाही, आणि माणूस टारला शिव्या घालतो. कर्लला -एफ द्या म्हणजे 404 ला ते एरर देईल, सुरुवातीला सेट -ई टाका म्हणजे कमांड फसली की स्क्रिप्ट थांबेल, आणि पाइप वापरत असाल (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देत असाल) तर पाइपफेलही, नाहीतर फक्त शेवटच्या कमांडचा निकाल धरला जातो.

डिलीट करताना तर खरंच जिवावर बेततं. 2011 मधे बंबलबी प्रोजेक्टच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमधे आरएम -आरएफच्या (न विचारता फोल्डर पुसणाऱ्या कमांडच्या) ओळीत यूएसआरनंतर एक स्पेस जास्त पडली, आणि लोकांचं अख्खं यूएसआर फोल्डर, जिथे सिस्टिमचे प्रोग्रॅम असतात, उडालं. पाथ कायम कोट्समधे ठेवा, व्हेरिएबल रिकामं असेल तर तिथेच थांबा, आणि बिल्ड फोल्डरच्या बाहेर काही पुसूच नका.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती एकेक टूल मागणाऱ्या स्क्रिप्टची. सीमेक टाका, परत चालवा, आता निंजा नाही, परत चालवा, आता पीकेजी-कॉन्फिग नाही... अरे एकदाच सगळं तपासा आणि जे जे नाही त्याची यादी एकदम दाखवा, सोबत इन्स्टॉलची कमांड पण. मात्र न विचारता आतून सुडो (अॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) चालवू नका, मशीन त्यांचं आहे.

स्वतःच्या लॅपटॉपवर चालली म्हणून समाधान मानू नका, तिथे सगळं आधीपासून असतंच, सीआयमधे (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) कोऱ्या कंटेनरवर, म्हणजे काहीच न टाकलेल्या वेगळ्या सिस्टिमवर, चालवून बघा. आणि विंडोजवाल्यांच्या क्लोनमधे (कोडच्या उतरवलेल्या कॉपीत) ओळींच्या शेवटी सीआर हे विंडोजचं न दिसणारं जादा अक्षर घुसून डब्ल्यूएसएलमधे (विंडोजमधल्या लिनक्समधे) "बॅश सापडत नाही" असं येत असेल, तर गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमधे एसएच फाइल्सना ईओएल एलएफ (ओळीचा शेवट लिनक्ससारखा) लावा, एका ओळीचं काम आहे.