‘फॅक्टरी माउंट’ बघायला निघण्याआधी

ट्रिगरभोवतीची लिव्हर, म्हणजे दांडा, खाली-वर करून काडतूस भरायच्या जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीच्या जाहिरातीत ‘ओरिजिनल फॅक्टरी स्कोप माउंट’ (नेमाची दुर्बीण, म्हणजे स्कोप, बसवायची कारखान्याची मूळ बैठक) असं दिसलं की हल्ली मला हसू येतं. पहिल्या वेळी आलं नव्हतं, कारण तेव्हा त्या चार शब्दांपायी मी जास्तीचे पैसे मोजून आलो होतो. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरचा हरणांचा हंगाम जवळ आला की दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये जुन्या बंदुका टेबलांवर मांडलेल्या असतात. तिथे एक रायफल नीट हातात धरून बघायला फार तर दहा मिनिटं मिळतात. मागे दुसरं गिऱ्हाईक उभं असतं, विक्रेत्याची चुळबुळ सुरू झालेली असते. म्हणून जे काही डोक्यात असायला हवं, ते आदल्या रात्रीच भरून ठेवायचं.

पहिली गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा : अमेरिकन कारखान्यांनी बहुतेक वेळा माउंट दिलेच नाहीत, भोकं दिली. रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या यंत्राच्या पेटीच्या, माथ्यावर आटे पाडलेली भोकं करायची, त्यांत बिनडोक्याचे छोटे स्क्रू बुचासारखे बसवायचे आणि रायफल दुकानात पाठवायची, एवढंच कारखान्याचं काम. बेस (रायफलीवर बसणारी पट्टी) आणि रिंगा (स्कोप धरणाऱ्या कड्या) यायच्या टेक्सासमधल्या एल पासोच्या वीव्हरकडून, डेनव्हरच्या रेडफील्डकडून, नाहीतर कनेक्टिकटच्या लायमनकडून, आणि त्या बसवायचा दुकानदार किंवा मालक स्वतः. त्यामुळे ‘माउंट अस्सल आहे का?’ हा प्रश्न मनात घेऊन गेलात तर फसाल. प्रश्न असा हवा : ‘भोकं अस्सल आहेत का, आणि वर बसवलेला बेस त्या काळातला आहे का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, उत्तरंही वेगवेगळी येतात.

आता जी रायफल बघायला जायचंय तिचं मॉडेल काढा आणि तिच्या माथ्यावर भोकं असायला हवीत की नसायला हवीत, हे घरीच ठरवून टाका. विंचेस्टर ९४ असेल तर काम सोपं. तिचं रिकामं काडतूस वरून उडतं, म्हणजे स्कोप मधोमध बसवला तर ते त्याच्याच पोटावर आपटणार. काडतूस बाजूला फेकणारी ‘अँगल इजेक्ट’ रचना आली १९८२ मध्ये. त्याआधीच्या ९४ वर माथ्यावर मधोमध बेस दिसला, तर तो कुणीतरी हौसेने बसवलाय असं धरून चाला. त्या काळी लोक डाव्या अंगाला बाजूचा माउंट लावायचे आणि स्कोप जरा डावीकडे सरकलेला असायचा. पण इथे एक चकवा आहे. युद्धानंतरच्या ९४ वर आणि मार्लिन ३३६ वर रिसीव्हरच्या डाव्या बाजूला मागे दोन भोकं कारखान्यातूनच येत. ती पीप साइटसाठी, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायच्या साइटसाठी असतात. स्कोपशी त्यांचा संबंध नाही. विक्रेता बिनदिक्कत तीच भोकं दाखवून ‘हे बघा फॅक्टरी ड्रिल्ड’ म्हणतो, आणि शब्दशः बघितलं तर तो खोटं बोलत नसतो.

मार्लिन ३३६ आली १९४८ मध्ये. काडतूस बाजूने फेकते, माथा सपाट आणि बंद, स्कोपसाठी जणू मुद्दाम केलेला. तरी सुरुवातीच्या वर्षांत माथ्यावर भोकं नव्हती. ती आली पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर. त्यामुळे सिरियल नंबरवरून साल काढता येणं महत्त्वाचं. १९७३ पासूनच्या नंबरचे पहिले दोन आकडे शंभरातून वजा केले की साल मिळतं, म्हणजे २७ ने सुरू होणारी रायफल १९७३ ची. १९४६ ते १९६८ पर्यंत आकड्यांआधी अक्षर असे. त्या अक्षरांचा तक्ता वहीत उतरवून घ्या. हॉलमध्ये फोनला रेंज नसते, हा माझा कायमचा अनुभव.

सॅव्हेज ९९ वर मात्र रात्रीचा अर्धा वेळ घालवा, कारण सगळ्यात जास्त गफलत तिच्यातच. बाहेरून घोडा नाही, आत काडतुसं ठेवायचं फिरतं मॅगझिन, डाव्या अंगाला किती काडतुसं उरली ते दाखवणारी इवलीशी खिडकी. माथा बंद असल्यामुळे स्कोप लावायचा मोह प्रत्येक पिढीला झाला. कारखान्यातून माथ्यावर भोकं येऊ लागली ती पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधीच्या हजारो रायफली गावोगावच्या गनस्मिथनी नंतर ड्रिल केल्या. नळीवरचा पत्ता वाचा. सॅव्हेजचा कारखाना न्यू यॉर्क राज्यात यूटिकाला होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६-४७ च्या सुमारास तो मॅसेच्युसेट्समध्ये चिकोपी फॉल्सला गेला आणि १९६० च्या आसपास वेस्टफील्डला. नळीवर यूटिका आणि माथ्यावर भोकं, हे जमत नाही. लिव्हर जिथे फिरते त्या गोल भागावर, खालच्या अंगाला, बारीक शिक्क्यात एक अक्षर असतं. ती पद्धत १९४९ पासूनची, ‘ए’ म्हणजे १९४९. भिंगाशिवाय हे अक्षर दिसत नाही.

मी पैसे मोजले ती रायफल हीच. नळीवर ठसठशीत यूटिका लिहिलेलं, कॅलिबर .३०० सॅव्हेज, वर देखणा रेडफील्ड बेस. मी बेस बघत बसलो, पत्ता वाचला नाही. घरी येऊन बेस काढला तेव्हा खाली ब्लुइंग, म्हणजे पोलादावर चढवलेला निळा-काळा थर, अगदी नवंकोरं, आणि त्यात वाळून मधासारख्या झालेल्या तेलाची चौकट. त्या चौकटीच्या पुढे अर्धा इंच आणखी एक पुसट कड. म्हणजे आधी त्या जागी दुसरा, लांब बेस होता. मागच्या दोन भोकांची रांग पुढच्यांच्या रेषेत नव्हती. केसभरच सरकलेली, पण पट्टी ठेवली की दिसायची. भोकाच्या तोंडाशी धातू पांढरा चकचकीत होता. कारखान्यात आधी भोकं पाडायचे, मग ब्लुइंग करायचे, म्हणून अस्सल भोकाच्या कडेवर आणि पहिल्या एक-दोन आट्यांवरही काळसर रंग उतरलेला असतो. नंतर ड्रिल मारलेल्या भोकाची कड उघडी पडते, नाहीतर कुणीतरी टचअपच्या पेनने रंगवलेली असते आणि तो रंग कापसाच्या बोळ्याला लागतो.

म्हणून पिशवीत दहापट भिंग, छोटा टॉर्च, दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा कलता आरसा, सहा इंची स्टीलची पट्टी, व्हर्नियर आणि कापसाचे बोळे ठेवा. एक साधं लोहचुंबकही ठेवा. वीव्हरचे बेस अ‍ॅल्युमिनियमचे, त्यांना ते चिकटत नाही. रेडफील्डचे पोलादी, त्यांना चिकटतं. त्यामुळे नाव न वाचताही बेसचं घराणं अर्धं कळतं. वीव्हरच्या बेसवर नंबर ठोकलेला असतो. मार्लिन ३३६ साठी तो ६३बी, आणि हा नंबर दुसऱ्याच रायफलीवर दिसला तर मागे काहीतरी इतिहास आहे समजा. पट्टीशेजारी ६-४८ मापाचा एक नवा स्क्रू डबीत घालून न्या. अमेरिकन स्कोप-बेसच्या स्क्रूचं हे जुनं ठरलेलं माप, जाडी सुमारे साडेतीन मिलिमीटर, इंचाला ४८ आटे. मालकाची परवानगी घेऊन रिकाम्या भोकात तो फक्त बोटांनी फिरवायचा. ढिला वाटला तर थांबा : आटे खराब झाल्यावर भोक मोठं करून ८-४० चा जाड स्क्रू बसवायची पद्धत आहे, आणि पन्नाशीच्या दशकातल्या रायफलीवर तो दिसला तर ती दुरुस्तीच.

स्क्रूड्रायव्हर मात्र घरीच ठेवा. दुसऱ्याच्या रायफलीचा बेस टेबलावर काढायचा नाही. विक्रेत्याला विचारा. तो स्वतः काढून दाखवत असेल तर उत्तम, नाही म्हणाला तर तेही एक उत्तर आहे. स्क्रूच्या खाचा तरी बघता येतातच. कडा फाटलेल्या असतील तर चुकीच्या पात्याने कुणीतरी झटापट केलेली आहे.

रायफल हातात घेताच नळी सुरक्षित दिशेला धरून लिव्हर पूर्ण उघडा, चेंबरमध्ये बोट घालून बघा. मार्लिन आणि विंचेस्टर ९४ चं मॅगझिन नळीखालच्या नळीत असतं आणि तिथे एखादं काडतूस वर्षानुवर्षं दडून बसू शकतं. यात विनोद नाही. आजोळी कोकणात ठासणीची बंदूक भिंतीवरून काढली की आजोबा आधी गज घालून बघायचे, आणि तीच शिकवण इथे टेबलापाशी उभं राहूनही कामाला येते.

मग बाकीच्या खुणा बघा. मार्लिन किंवा ९४ ला बाहेर घोडा असतो आणि स्कोपखाली अंगठा पोहोचत नाही, म्हणून घोड्याला बाजूने एक शेपूट स्क्रूने आवळतात. आज स्कोप नसला तरी घोड्याच्या टोकावर त्या स्क्रूचा टोचा राहतो. या दस्त्यांची वरची कड साध्या साइटसाठी खाली असते, म्हणून स्कोपवाले गालाशी चामड्याची उशी बांधत. तिच्या वाद्यांच्या रेघा पॉलिशवर दिसतात. आणि रिंगांचं माप घ्या. पाऊण इंची नळी असलेले वीव्हर ३३० सारखे स्कोप युद्धाआधीच्या काळातले, पाऊण आणि एक इंचाच्या मधली ७/८ इंची नळी लायमन अलास्कनची, आणि एक इंची वीव्हरची के मालिका १९४७ नंतरची. एक इंची रिंगा असतील तर ‘आजोबांनी १९३८ मध्ये असाच घेतला’ ही गोष्ट हसून ऐकून घ्या.

खरोखर कारखान्याचाच माउंट हवा असेल तर फिनलंडकडे बघा. साकोची फिनवुल्फ ही साठीच्या दशकातली लिव्हर रायफल. तिच्या रिसीव्हरवरच निमुळते होत गेलेले खाचे कोरलेले असतात, आणि त्यांत साकोच्याच रिंगा सरकतात. स्क्रूची भोकंच नाहीत, त्यामुळे वादही नाही. विंचेस्टर ८८ (१९५५ ते १९७३) आणि ब्राउनिंग बीएलआर या दोन्हींना भोकं मुळातच आहेत, तिथे फार वेळ घालवू नका.

कागदपत्रांची आशा बेताने धरा. वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडून विंचेस्टर आणि मार्लिनच्या जुन्या नोंदींची पत्रं मिळतात, पण मार्लिनच्या नोंदी १९०६ ला संपतात. म्हणजे ज्या काळात ही भोकं पडू लागली, त्या काळाबद्दल ती काही बोलत नाहीत. जुन्या कॅटलॉगच्या छापील प्रती जास्त कामाच्या. स्वतःचे कागद मात्र आधी बघा. एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला अपवाद आहेत, वैध शिकार परवाना हा त्यांतला नेहमीचा. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. व्यापाऱ्याकडून घेताना ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यावर सगळं विचारतात. त्यामुळे हे आदल्या रात्रीच तपासा, हॉलच्या दारात नको.

शेवटी एक मऊ फडकं आणि बंदुकीच्या तेलाची बाटली पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा. घामट बोटांचे ठसे जुन्या ब्लुइंगवर दोन दिवसांत गंज धरतात, आणि रायफल परत ठेवताना ती पुसून दिली की विक्रेता पुढच्या वेळी बेस स्वतःहून काढून दाखवतो. माझी यूटिकावाली ९९ अजून माझ्याकडेच आहे. बेस काढून टाकला, चारही भोकांत बुचाचे स्क्रू बसवले. मागचे दोन अजून किंचित डावीकडेच दिसतात.