सुट्टीत लेकरांना रेल्वेचं म्युझियम दाखवायचंय? सोलापुरातून असं जा

सुट्टी लागली की आधी मामाचं गाव, मग एक-दोन लग्नं, आणि नंतर उन्हात बाहेर सोडता येत नाही म्हणून लेकरं दिवसभर मोबाईल घेऊन बसलेली, आपल्याकडं घरोघरी हेच चाललेलं असतं. अशा वेळी एक दिवस काढून त्यांना गाड्यांचं म्युझियम दाखवून आणा. आपल्याला सगळ्यात सोपं पडतं ते पुण्यातलं कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम, सकाळी जाऊन रात्री परत घरी येता येतं. पण नुसतं तिकीट काढून आत नेलं आणि बाहेर आणलं की पोरांच्या डोक्यात काही राहत नाही, हे आधीच सांगते. तयारी घरातून करायची, आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या रेल्वेपासूनच करायची.

जायच्या आदल्या दिवशी एक खडू आणि मोजपट्टी घ्या. अंगणात, गच्चीवर, हॉलमधल्या फरशीवर, कुठंही चालेल. दोन समांतर रेषा मारा, मध्ये अंतर साडेपाच फूट. ही आपली आजची ब्रॉडगेज, 1676 मिलीमीटर. शेजारी दुसऱ्या दोन रेषा, मध्ये फक्त अडीच फूट म्हणजे 762 मिलीमीटर. ही बार्शी लाईट, आपल्या जिल्ह्यातली जुनी छोटी रेल्वे. आता लेकरांना दोन्हींच्या मधे आडवं झोपायला सांगा. मोठ्या रुळात पाय लांब करून झोपता येतं, छोट्या रुळात पाचवीतलं पोरगंसुद्धा मावत नाही, पाय बाहेरच. मग प्रश्न आपोआप सुरू होतात, एवढ्याशा रुळावर गाडी पडायची नाही का, माणसं कशी बसायची, इंजिन केवढं होतं, आणि ते विचारू द्यात, हेच तर पाहिजे आपल्याला.

आजी-आजोबा घरात असतील तर पुढचं त्यांना सांगू द्या, बऱ्याच जणांनी या गाडीनं पंढरपूर केलेलं असतं. मुंबईहून येणारी मेन लाईन 1860 मध्ये सोलापूरला पोचली, पण बार्शी गाव तिच्यावर नव्हतं, स्टेशन होतं बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी. तिथून गावापर्यंत 1897 मध्ये ही छोटी लाईन टाकली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं. त्याची युक्ती अशी की इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनापेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, म्हणजे हलके स्वस्त रूळ टाकूनसुद्धा चांगला माल वाहता येतो. पुढं ही लाईन 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरजेपर्यंत गेली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी ओसंडून वाहायची. आता सगळी ब्रॉडगेज झालीय. म्युझियमला जायच्या आधी एवढं कानावरून गेलेलं असलं की तिथं छोटी गाडी बघताना लेकरांना ती परकी वाटत नाही.

अजून एक मजा सांगा. सोलापूरला गाडी आली तेव्हा बोरघाटातला रेल्वेमार्ग पूर्णच झाला नव्हता, तो 1863 ला झाला. म्हणजे सोलापूरहून मुंबईला निघालेला माणूस खंडाळ्यापर्यंत गाडीत, मग घाट पालखीत नाहीतर तट्टावर उतरायचा आणि खाली परत दुसरी गाडी. पोरांना हे फार आवडतं.

आता जायचं कसं. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुटते, साडेदहाच्या आसपास पुणे, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुण्याहून निघून दहाला आपण सोलापुरात. वेळ अधूनमधून बदलते, तिकीट काढताना बघून घ्या. सुट्टीत ही गाडी भरलेली असते आणि आता रिझर्व्हेशन 60 दिवस आधीच उघडतं, त्यामुळं तारीख आधी ठरवा. पाच वर्षांखालच्या लेकराला सीट नको असेल तर तिकीट लागत नाही, पाचच्या पुढच्याला स्वतंत्र सीट घेतली की पूर्ण भाडं. गाडीचं नाव हुतात्मा का ते सुद्धा सांगा की, 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांच्या नावाची गाडी आहे ही, चार पुतळ्यांपाशी रोज जाणाऱ्या लेकरांना हे माहीत असायलाच पाहिजे.

गाडी हेच अर्धं म्युझियम समजा. स्टेशनवर दहा-पंधरा मिनिटं लवकर जा आणि पिवळ्या पट्टीच्या मागं उभं राहून शेजारच्या लाईनीवरच्या मालगाडीचं चाक दाखवा. चाकाच्या आतल्या बाजूला एक कड खाली उतरलेली असते, ती रुळाच्या आतून चालते म्हणून गाडी घसरत नाही. मोटारीच्या चाकाला अशी कड नसते, गाडीला स्टिअरिंग नसतं, मग वळते कशी, हा प्रश्न लेकरांनीच काढला तर लगेच उत्तर देऊ नका. गाडी कुर्डुवाडीला किंवा दौंडला शिरताना खिडकीतून सांधे दाखवा, एका रुळातून दुसरा रूळ फुटतो ती जागा. सांधा ज्या बाजूला लावला त्या बाजूला गाडी जाते, ड्रायव्हरच्या हातात ते नसतं. हे एवढं कळलं की जोशींच्या म्युझियममध्ये ते सांधेच शोधत बसतात.

डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही वेगळ्या डब्यात, आणि पाणी भरपूर. बाहेरचं तळलेलं देऊन पोट बिघडवून घेऊ नका, दिवस मोठा असतो.

पुण्यात उतरलं की रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसू नका, स्टेशनलाच मेट्रो आहे, वनाझकडं जाणारी पकडा आणि नळ स्टॉपला उतरून तिथून रिक्षा करा. आपल्याकडच्या लेकरांना मेट्रोचंच एवढं अप्रूप असतं, स्टेशनं मोजू द्या त्यांना. निघायच्या आधी म्युझियमला फोन करून त्या दिवशीच्या शोच्या वेळा विचाराच, शनिवार-रविवारचं गणित वेगळं असू शकतं आणि आपल्याला सहाची गाडी गाठायचीय.

आत एक छोटं शहरच मांडलंय. वाफेचं इंजिन, डिझेल, बुलेट ट्रेन, डोंगरावरची गाडी, रोपवे, सर्कस, सगळं चालतं-फिरतं, आणि सोबत माहिती सांगत शो होतो. यात एक क्षण येतो, खोलीतला उजेड कमी होतो आणि त्या शहरात रात्र होते, घराघरातले, रस्त्यावरचे बारके दिवे लागतात आणि डब्यांच्या खिडक्यांतून उजेड दिसायला लागतो. त्यावेळी कृपा करून मोबाईल वर करून व्हिडिओ काढू नका, मागच्या लेकराला काही दिसत नाही आणि स्क्रीनच्या उजेडानं सगळी मजा जाते.

सगळं बघायचा हट्ट धरू नका. प्रत्येक लेकराला एकच काम द्या. एकानं फक्त एक सिग्नल बघायचा, तो कधी बदलतो. दुसऱ्यानं एकच गाडी धरायची, ती कुठून निघते आणि परत कुठं येते. अगदी लहान असेल तर बोगदा दाखवा आणि गाडी कधी बाहेर येते त्याची वाट बघू द्या, तीन-चार वर्षाच्या पोराला तेवढं पुरतं. वाफेचं इंजिन कसं चालतं असं विचारलं तर घरच्या कुकरचं उदाहरण द्या, वाफ शिट्टी वर ढकलते तशीच इंजिनात दट्ट्या ढकलते आणि दट्ट्याला जोडलेल्या दांड्यानं चाक फिरतं. लेकरू कंटाळलं तर बाहेर आणा, पैसे दिलेत म्हणून ताटकळत ठेवू नका.

शो झाला की जेवण आणि जरा सावलीत विसावा, संभाजी उद्यान मेट्रोच्याच रस्त्यावर आहे. उन्हाळ्यात दुसरं ठिकाण त्याच दिवशी कोंबू नका, लेकरं चिडचिड करतात आणि मग आपण पण. मला विचाराल तर शक्य असेल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीतच जावं.

परतीच्या गाडीत त्यांना आवडलेली एक गाडी कागदावर काढायला सांगा आणि त्यावरून पुढचं ठरवा. बस काढली असेल आणि मूल आठ-नऊच्या पुढचं असेल तर मुंबईत अणिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे. मुंबईत 1874 ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1907 ला विजेची, बस 1926 ला आणि डबलडेकर 1937 ला, ही सगळी गोष्ट तिथं कळते, आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं गेलात तर सकाळी सीएसएमटीची इमारत पण दाखवून होते. तिथं पण आधी चौकशी करूनच जा. कार काढली असेल तर हैदराबाद. बहादूरपुऱ्यात सुधा कार्स म्युझियम आहे, तिथं बुटाच्या, वांग्याच्या, क्रिकेट बॉलच्या आकाराच्या गाड्या आहेत आणि त्या खरंच चालतात. प्राणीसंग्रहालय तिथून जवळच, फक्त सोमवारी ते बंद असतं, त्यामुळं सोमवार सोडून तिकीट काढा.