एफएफटी प्लॉटमधला खोटा सुळका: व्हायब्रेशन प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

लातूरची डाळ मिल, जालन्याची रोलिंग मिल, वाळूजमधलं प्रेस शॉप, नाहीतर सरळ मामाच्या विहिरीवरची मोनोब्लॉक मोटर. मराठवाड्यातल्या पोरांचा शेवटच्या वर्षाचा ‘मोटर बिघडण्याआधी ओळखा’ छाप प्रोजेक्ट यांपैकीच कुठेतरी होतो. सामानही ठरलेलं: अर्डुइनो उनो किंवा ईएसपी32, कंपन मोजणारा एमपीयू6050 सेन्सरचा छोटा बोर्ड आणि लॅपटॉपवर पायथन. प्लॉट विचित्र आला की सगळे आधी एफएफटीवर, म्हणजे कंपनात कोणत्या फ्रिक्वेन्सी किती आहेत ते काढणाऱ्या गणितावर, संशय घेतात, लायब्ररी बदलतात, विंडो (एफएफटीआधी आकड्यांना दोन्ही टोकांना उतार देणारा गुणक) बदलतात. पण पायथनच्या नमपाय लायब्ररीची एफएफटी वर्षानुवर्षं वापरून घासून निघालेली आहे. घोळ असतो आकडे तिथवर पोचण्याआधी, आणि बहुतेक वेळा तो वेळेच्या हिशेबात असतो.

विहिरीवरची मोटर घ्या. दोन पोलची, 2880 आरपीएम, म्हणजे शाफ्ट सेकंदाला 48 वेळा फिरतो. सुळका 48 हर्ट्झला हवा, आणि प्लॉटवर दिसतो 150 ला. मग स्पष्टीकरणं सुरू होतात. कुणी म्हणतं, लाईटच्या 50 हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक. कुणी बेअरिंगचे आठ छरे मोजतो आणि 0.4 × 8 × 48 करून 153 च्या आसपासचा आकडा काढतो: बेअरिंगची बाहेरची कडी (रेस) गेली! दोन्ही उत्तरं ऐकायला बरी वाटतात, पण दोन्ही चूक.

आता कोड बघा. लूपमध्ये एक मिलिसेकंदाचा डिले टाकलाय, म्हणून सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला घेतलेली मोजमापं, 1000 हर्ट्झ धरलंय. त्याच लूपमध्ये तिन्ही अक्षांचे आकडे सिरीयल पोर्टवर छापले जातायत, 9600 बॉडने (बॉड म्हणजे सेकंदाला जाणारे बिट, एका अक्षराला दहा). ‘-1234,567,16300’ अशी एक ओळ, शेवटची दोन न दिसणारी चिन्हं धरून, 17 अक्षरांची. 9600 बॉडला सेकंदाला 960 अक्षरं जातात, म्हणजे जेमतेम साडेछप्पन ओळी. उनोचा छोटा बफर क्षणात भरतो आणि मग प्रिंटची ओळ अख्खं लूप अडवून धरते. खरं सॅम्पलिंग झालं साडेछप्पन हर्ट्झ. त्याच्या निम्म्यापर्यंतच, म्हणजे सव्वाअठ्ठावीसपर्यंतच, काही खरं दिसू शकतं. 48 त्या मर्यादेपलीकडचा, म्हणून तो दुमडून खोट्या जागी येतो: साडेछप्पन वजा 48, म्हणजे साडेआठवर, आणि पायथनला तुम्ही 1000 सांगितलेलं असल्यामुळे साडेआठचा 150 होतो. एकावर एक दोन चुका, आणि निकाल मात्र अगदी पुस्तकातल्यासारखा. शिवाय आकडे लहानमोठे होतात तशी ओळीची लांबी बदलते, त्यामुळे सुळका पसरट होतो. तो पसरटपणा ‘लूजनेस’ (सैल भाग) म्हणून रिपोर्टमध्ये जातो, ते वेगळंच.

बॉड 115200 केला की सुटलं असं वाटतं, पण सुटत नाही. 11520 भागिले 17, म्हणजे सेकंदाला सुमारे 678 ओळी. 48 चा सुळका आता 71 च्या जवळ दिसेल. तो खरा वाटण्याइतका जवळ असतो, म्हणून जास्त धोकादायक.

मोजणं आणि छापणं वेगळं करा. आधी एका अक्षाचे 512 आकडे अ‍ॅरेमध्ये साठवा, मग निवांत छापा. 16 बिटांचे 512 आकडे म्हणजे 1024 बाइट, उनोच्या 2 केबी रॅममध्ये बसतात. पण एफएफटीही उनोवरच करायचा हट्ट धरलात तर खऱ्या आणि काल्पनिक भागाचे फ्लोट मिळून 4096 बाइट लागतील. तिथे बोर्ड मध्येच रिसेट होतो किंवा काहीबाही आकडे देतो, आणि पोरं सेन्सर बदलत बसतात. पहिल्या आणि शेवटच्या सॅम्पलला मायक्रोसेकंदाची वेळ नोंदवा, आणि 511 ला त्या दोहोंतल्या सेकंदांनी भागा. जो आकडा येईल तेच तुमचं सॅम्पलिंग. पायथनला तोच द्या, ठरवलेला नको.

सरासरी बरोबर असली तरी सॅम्पल समान अंतरावर असतीलच असं नाही. डिलेवर भिस्त ठेवू नका, टायमर इंटरप्ट (ठरल्या वेळी बोर्डाला हटकणारं घड्याळ) किंवा सेन्सरचा डेटा-रेडी पिन (नवा आकडा तयार झाला की खूण देणारा) वापरा. सेन्सर आणि बोर्ड ज्या दोन तारांवर बोलतात त्या आय-टू-सीची गती मुळात 100 किलोहर्ट्झ असते, ती 400 करा. बऱ्याच लायब्रऱ्या तापमान आणि जायरोसकट 14 बाइट वाचतात. 100 किलोहर्ट्झला त्यातच दीड मिलिसेकंद जातो, मग 1000 हर्ट्झ होणार कसं? अ‍ॅक्सेलरोमीटरचे सहा बाइट पुरे. आणि एमपीयू6050 चा अ‍ॅक्सेलरोमीटर सेकंदाला 1000 च नवे आकडे देतो. ईएसपी32 ने 4000 वेळा वाचलं तर प्रत्येक आकडा चारचारदा मिळेल, माहिती तेवढीच.

फिल्टरकडे कुणी बघत नाही. चिप चालू होताना तिच्या आतल्या फिल्टरची बँडविड्थ 260 हर्ट्झ असते, म्हणजे साधारण तिथवरची कंपनं तो जाऊ देतो. तुम्ही 200 ने सॅम्पल घेतलं तर 100 च्या वरचं सगळं दुमडून खाली येणार. तिथे 44 हर्ट्झचा फिल्टर लावा, पण मग 48 थोडा दबेल हे लक्षात ठेवा. उलट बाजूने, कॉपी केलेल्या नमुना कोडात 21 हर्ट्झचा फिल्टर असतो, आणि मोटरचा सुळका इतका बारीक दिसतो की रिपोर्टमध्ये ‘मोटर उत्तम’ लिहून मोकळे.

सुळक्यावर शंका असेल तर सॅम्पलिंग 1000 वरून 900 करून बघा. खरा सुळका जागेवर राहतो, दुमडून आलेला सरकतो. टॅकोमीटर मिळाला तर आरपीएमही मोजा. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की स्लिप (मोटर ठरल्या वेगापेक्षा जेवढी मागे पडते ते) वाढतो आणि 48 चा 47 होतो. ती चूक नाही.

शून्याजवळचा राक्षसी सुळका म्हणजे गुरुत्वाकर्षण. सरासरी वजा करा, जातो. सगळीकडे गवतासारखा गोंगाट असेल तर दोन बाइट जोडताना चिन्ह असलेला 16 बिटांचा प्रकार वापरलाय का ते बघा. नाहीतर उणे एक 65535 होऊन बसतो.

सेन्सर फोमच्या दुहेरी टेपने चिकटवू नका. मे महिन्यात उन्हातल्या मोटरच्या बॉडीवर ती टेप मऊ पडते आणि बोर्ड स्वतःच्या तालावर हलतो. रंग खरवडून इपॉक्सीने चिकटवा किंवा बोर्ड पट्टीवर बसवून बोल्ट मारा. वायरसुद्धा बॉडीला बांधा.

सुळक्याची उंची सांगताना हॅन नावाची विंडो वापरली असेल तर सुळका निम्मा दिसतो, त्याला दोनाने गुणा. आणि जीमधला (गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला) आकडा कंपन किती चालतं ते सांगणाऱ्या मिलिमीटर प्रति सेकंदाच्या तक्त्याशी थेट लावू नका. 48 हर्ट्झला 0.1 जी म्हणजे सुमारे 3.25 मिलिमीटर प्रति सेकंद, तोही पीकचा, म्हणजे लाटेच्या माथ्याचा. तक्ते आरएमएस (पीक भागिले दोनाचं वर्गमूळ) मागतात, तो होतो 2.3.