घरात सिलिअ‍ॅकचं मूल आहे आणि सण आलाय? या चुका टाळा

माझ्या मुलीला सातव्या वर्षी सिलिअ‍ॅक असल्याचं कळलं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. जुलाब नव्हते, पोटदुखीही क्वचितच. हिमोग्लोबिन काही केल्या वर येत नव्हतं आणि दाराच्या चौकटीवरची उंचीची खूण दीड वर्ष जागची हलली नव्हती. आता ती पंधरा वर्षांची आहे. या आठ वर्षांत ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून अशा घरांचे फोन मला येत राहिले, आणि श्रावण लागला की ते वाढतात. चुका मात्र त्याच असतात. त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत, आणि त्रास मुलीने भोगला आहे.

तपासणीआधीच गहू बंद करणं. ही सणातली चूक नाही, पण हिच्यामुळे पुढचं सगळं अडतं. रक्ताची टीटीजी तपासणी (या आजारात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू खाण्यात असतानाच खरं सांगतात. 'महिनाभर बंद करून बघितलं, बरं वाटलं' असं म्हणणाऱ्यांना पुढे निदानासाठी पुन्हा गहू खावा लागतो. एवढी घाई करू नका.

'मी गहू घातलाच नाही, फक्त रवा आहे.' रवा, मैदा, शेवया, दलिया, कुरडई हे सगळं गहूच. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. मेतकुटात गहू असतो. आणि आमच्या सांगलीकडे तर दर चार माणसांमागे एक जण सांगतो, 'खपली द्या, खपली चालतो.' चालत नाही. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. मधुमेहाच्या माणसाला कोणी काय सांगितलं असेल ते असो, सिलिअ‍ॅकच्या मुलाला खपलीची पोळी देऊ नका.

गिरणीवर विश्वास टाकून घरी येणं. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, आणि सर्वांत महागात पडलेलीही हीच.

निदानानंतरची दुसरी दिवाळी. पहिली दिवाळी आम्ही घाबरून विकतच्या पाकिटांवर काढली होती, म्हणून या वेळी चकली घरचीच करायची असं ठरवलं. तांदूळ, हरभरा डाळ, मूग डाळ, उडीद डाळ एकेक दाणा निवडून घेतला, धुतला, वाळवला, नव्या कढईत भाजला. धने-जिरेही घरीच भाजले. डबा घेऊन गिरणीत गेले तो वसुबारसेचा दिवस. गर्दी दारापर्यंत. गिरणीवाल्या काकांना म्हटलं, 'गव्हावर टाकू नका, तांदळावर टाका.' ते 'हो' म्हणाले. मी डबा ठेवला आणि पणत्या आणायला निघून गेले.

नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला उठवलं तर मुलगी पाटावर बसेना. पोटावर हात दाबून बसलेली. दोन उलट्या झाल्या, दिवसभर कळा येत राहिल्या, फटाक्यांचा आवाज नको म्हणून खिडक्या बंद केल्या. लक्ष्मीपूजनाला ती झोपूनच होती. आदल्या दोन दिवसांत तिने चकल्या भरपूर खाल्ल्या होत्या, मीच आग्रहाने वाढल्या होत्या.

पाडव्यानंतर काकांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. माझ्या आधी दहा किलो गहू होता, मग मूठभर तांदूळ टाकून त्यांनी गिरणी 'साफ' केली आणि भाजणी टाकली. इतर कोणाच्याही दळणाला तेवढं पुरतं. आमच्या मुलीला पुरत नाही, कारण गव्हाचं पीठ दगडांच्या टाच्यांत बसतं, खालच्या पन्हाळीत बसतं, आणि तोंडाला बांधलेल्या कापडी नळीत तर थर धरून राहतं. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. मी 'तांदळावर टाका' एवढंच सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं आणि उभीही राहिले नव्हते.

नंतर मला एक वाक्य सापडलं ते आजही सगळ्यांना देते. गिरणीत ग्लुटेन, सिलिअ‍ॅक असलं काही सांगत बसू नका. 'उपवासाच्या दळणासारखं दळून द्या' एवढं म्हणा. आषाढी आणि नवरात्राच्या आधी राजगिरा, वरई, शिंगाडा दळताना धान्याचा कण गेला तर कोणाचा तरी उपवास मोडतो, हे गिरणीवाल्याला पक्कं ठाऊक असतं. त्यासाठी तो नळी सोडून झटकतो, पन्हाळ पुसतो, काही ठिकाणी तर उपवासाच्या दळणाचा दिवसच वेगळा असतो. मी त्याच दिवशी जायचे. नळी स्वतःची न्यायचे. बरोबर दोन किलो साधा तांदूळ न्यायचे, तो आधी दळून घ्यायचा आणि ते पीठ गुरांना, मग आपली भाजणी. दोन वर्षं असं काढलं. तरी ती सोयच होती, खात्री नव्हती. शेवटी पैसे साठवून घरघंटी घेतली आणि तिच्यात आजवर गव्हाचा दाणा गेलेला नाही. शेजारणीने मागितली तरी देत नाही. मन मोडतं, पण देत नाही.

घरघंटी परवडत नसेल तर अनारसे करा. तीन दिवस भिजवलेला, रोज पाणी बदललेला तांदूळ सावलीत सुकवून घरच्या मिक्सरवर दळला जातो, गिरणीशी संबंधच येत नाही. उकडीच्या मोदकांची पिठीही मिक्सरवर होते, चाळायला जरा कंटाळा येतो इतकंच. दुसऱ्याच्या घरच्या उकडीबद्दल मात्र विचारा. पारी फाटू नये म्हणून उकडीत चमचाभर मैदा घालणारे हात मी पाहिले आहेत.

हिंगाचा डबा न वाचणं. गिरणीचा प्रश्न सुटला, त्रास कमी झाला, उंची वाढायला लागली. तरी पुढच्या तपासणीत टीटीजी हवी तेवढी उतरली नव्हती. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याचं मागचं लेबल वाचून या. तासभर वाचत बसले आणि हिंगापाशी थांबले. हिंग हा झाडाचा चीक, निव्वळ स्वरूपात इतका उग्र की वापरता येत नाही, म्हणून त्यात पीठ आणि डिंक मिसळून बांधानी हिंग करतात. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैदा असतो. रोजच्या वरणात, भाजीत, चिवड्याच्या फोडणीत मी ते चिमूट चिमूट घालत होते. हिंग म्हटलं की लोणच्याचा मसाला आला, उडदाचे पापड आले, ताकाचा मसाला आला.

'चिमटीने काय होतं' असं मला आजही विचारतात, म्हणून हिशोब सांगते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तर आतड्याला इजा होताना दिसली आहे. एका पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे पोळीचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक. ताटातल्या ताटात पोळीचा चुरा पडतो तो याहून जास्त भरतो. आपल्याकडे 'ग्लुटेनमुक्त' लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे ती याचमुळे. आता तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, लेबलवर तसं स्पष्ट लिहिलेला असेल तरच घ्या. मी तर बहुतेक ठिकाणी हिंग सोडूनच दिला. ओवा, जिरं आणि लसूण यांवर आमचं घर छान चाललंय.

तळणीचा क्रम चुकवणं. शंकरपाळी, करंजी तळलेल्या तेलात चकली तळायची नाही. मुलीचं आधी, पाहुण्यांचं नंतर. माझ्या घरी पहिले दोन दिवस फक्त चकली, कडबोळी, चिवडा, बेसनाचे लाडू. ते डब्यात बंद झाले की तिसऱ्या दिवशी मैद्याचं पाकीट उघडतं. मैदा हवेत उडतो आणि ओट्यावर बसतो, म्हणून एकाच दिवशी दोन्ही करत नाही. आमच्या जाऊबाई म्हणतात, 'अगं, सगळं एकदम उरकून टाकू.' सणाचं काम उरकायचं नसतं, असं मी त्यांना दरवर्षी सांगते.

पीठ चाळायची चाळणी आणि लाकडी लाटणं. कितीही घासा, निघत नाही. वेगळं घ्या.

प्रसादाला सूट देणं. सत्यनारायणाचा शिरा हा माझ्या सासूबाईंचा आणि माझा मोठा वादाचा विषय होता. 'देवाच्या प्रसादाने कोणाला बाधलंय का?' असं त्या अगदी मनापासून म्हणायच्या, नातीवर जीव होता म्हणूनच म्हणायच्या. मी वाद घालणं सोडलं आणि पुढच्या पूजेला गुरुजींनाच विचारलं. ते म्हणाले, तांदळाच्या रव्याचा करा, सव्वाचं माप तेवढं पाळा. सासूबाईंनी स्वतः तांदूळ धुऊन, वाळवून, जाडसर काढून शिरा केला. त्या दिवसापासून आमच्याकडे सगळ्यांनाच तोच प्रसाद असतो. दुसऱ्याच्या घरी पंचामृत, केळं, खिरापत, सुंठवडा घेता येतो, आणि नको ते हात जोडून नाकारता येतं. गोकुळाष्टमीच्या काल्यात पोहे आणि ज्वारीच्या लाह्या, तिथेही चिंता नाही, फक्त लोणच्यावर नजर ठेवा.

मुलासाठी वेगळं ताट मांडणं. मोठ्या ताटात पुरणपोळी आणि कोपऱ्यात मुलाची भाकरी, असं करू नका. त्या दिवशी सगळ्यांनाच पुरण वाटीत आणि सोबत घावन द्या. पाहुण्यांना आवडतात, विचारून बघा.

तीन आठवड्यांत 'बरी झाली' म्हणणं. आतडं भरून यायला महिने लागतात, मोठ्या माणसांना कधी वर्ष-दोन वर्षं. त्रास थांबला म्हणजे इजा थांबली असं नसतं. दसऱ्याला पथ्य सुरू केलं आणि दिवाळीत 'एक करंजी खाऊ दे' म्हणणारे पालक मला दरवर्षी भेटतात. त्यांची घाई मला समजते, पण करंजी देऊ नका.

चुकून खाल्लं तर मुलावर ओरडणं. पोटात गेलेलं ग्लुटेन काढणारं औषध नाही. पाणी, पेज, जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस, विश्रांती, आणि उलट्या थांबत नसतील तर सरळ डॉक्टर. नऊ वर्षांची असताना तिने शेजारी दोन शंकरपाळ्या खाल्ल्या आणि दोन दिवस सांगितलं नाही, कारण आधीच्या वेळी मी खूप बोलले होते. ते दोन दिवस ती एकटीच पोट धरून होती. आता स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलंय. काही चुकून खाल्लं की ती स्वतः त्या तारखेला पेन्सिलीने लिहिते, काय खाल्लं आणि कुठे. मी वाचते, पेजेचं आधण ठेवते, आणि त्या दिवशी त्याबद्दल काहीच बोलत नाही.